“मॅडम, रिपोर्ट जरा पॉझिटिव्ह करा ना”

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पंचवीसेक वर्षं मेकॅनिकल शिकवल्यावर या बाईंनी नोकरी सोडली. आता त्या तंत्रशिक्षणाच्या कार्यक्रमांचं स्वतंत्रपणे मूल्यमापन करतात. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून चाकण पट्ट्यात दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनचं प्रशिक्षण दिलं जातं. त्याचा पहिला टप्पा संपून वर्ष झालं आणि दुसऱ्या टप्प्याचा निधी ठरायचा आहे. प्रशिक्षण चांगलं आहे, पण संस्था सांगते तेवढी प्लेसमेंट टिकलेली नाही, असं बाईंना आढळलं. बरीच मुलं काही महिन्यांतच काम सोडून गेली. ज्यांना ‘नोकरी लागली’ म्हणून मोजलं त्यांतले अनेक जण ॲप्रेंटिस होते. दुसऱ्या पाळीनंतर गावी परतायला गाडी नाही म्हणून कित्येक मुली घरी बसल्या. मसुदा वाचून सीएसआर अधिकाऱ्याचा फोन आला: “मॅडम, रिपोर्ट जरा पॉझिटिव्ह करा ना. पुढच्या वर्षीचे तीन प्रोजेक्टही तुम्हालाच द्यायचे आहेत.” संस्थेचा प्रमुख बाईंचाच जुना विद्यार्थी. तोही फोनवर रडवेला झाला: “निधी थांबला तर मुलांचं नुकसान होईल हो मॅडम.” फीचा शेवटचा हप्ता बाकी आहे. यजमान म्हणतात, तुला कशाला या उठाठेवी. मुलगा म्हणतो, फ्रीलान्समध्ये क्लायंट म्हणेल तसं करायचं असतं. त्यातच एका कॉलेजने एनबीएसाठीचा (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) सेल्फ असेसमेंट रिपोर्ट लिहून द्याल का, असं विचारलंय, आणि बाईंना स्वतःला एनबीएच्या मूल्यमापक व्हायचं आहे. त्या विचारतात: अहवाल सौम्य करू का? की हे काम माझ्यासारख्या एकटीने करण्याजोगं नाहीच?

नमस्कार मॅडम,

कंपनीला या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. आकडे आणि निष्कर्ष बदलू नका. मांडणी, क्रम आणि भाषा यांबद्दल मात्र मोकळेपणाने बोला. आणि संस्थाप्रमुख तुमचा विद्यार्थी होता, हे आजच्या आज लेखी कळवा.

फोन सीएसआर अधिकाऱ्याचा आला म्हणून अहवाल त्याच्यासाठीच आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. पत्रासोबत तुम्ही वर्क ऑर्डरची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत, कारण तिच्यात कंपनी कायद्याच्या कलम 135 खालच्या नियमांचा उल्लेख आहे. 2021 साली या नियमांत दुरुस्ती झाली. मागच्या तीन वर्षांत ज्या कंपनीचं सीएसआरवर खर्च करायचं बंधन सरासरी 10 कोटी रुपये किंवा अधिक होतं, तिने 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा काय परिणाम झाला हे स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचं असतं, आणि तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. हा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो आणि सीएसआरच्या वार्षिक अहवालाला जोडावा लागतो. म्हणजे तुमचा वाचक संचालक मंडळ आहे, आणि त्यांच्यामागून भागधारकांपासून पत्रकारांपर्यंत कोणीही तो वाचू शकतं. ज्यांनी फोन केला ते मधले आहेत. त्यांच्या अडचणी खऱ्या असतील. वरून त्यांनाही ‘आपला प्रोजेक्ट कसा गेला’ असं विचारत असतील. पण त्यांच्या सोयीसाठी निष्कर्ष बदलले तर संचालक मंडळाची दिशाभूल होईल आणि त्या कागदावर सही तुमची असेल.

त्याच नियमातली एक वर्षाची अट मला फार महत्त्वाची वाटते. रुजू होण्याच्या दिवशीचे फोटो आणि ऑफर लेटरं मोजायची असती तर वर्षभर थांबायची गरजच नव्हती. वर्षानंतर मूल कुठे आहे, हे बघायला तुम्हाला नेमलंय. संस्थेने रुजू झाल्याचा आकडा दिला, तुम्ही टिकल्याचा आकडा काढला. दोन्ही खरे असू शकतात. त्यामुळे तुमच्या अहवालात संस्था खोटं बोलली असा सूर कुठे असेल तर तो काढून टाका, कारण तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

यासाठी तक्ता नव्याने मांडा, असं मी सुचवेन. उदाहरण म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा 100 मुलांनी प्रवेश घेतला, 80 जणांनी कोर्स पूर्ण केला आणि 72 जणांना कुठे ना कुठे लावून दिलं. संस्था म्हणेल, प्लेसमेंट 90 टक्के. तिने 72 ला 80 ने भागलं. प्रवेशाच्या संख्येने भागलं तर तोच आकडा 72 टक्के होतो. या 72 पैकी 25 जण ॲप्रेंटिस म्हणून गेले असतील तर नोकरी लागलेले 47 राहिले, आणि वर्षानंतर त्यांतले 30 कामावर असतील तर आणखी एक आकडा निघतो. एकाच हजेरीपटातून इतके वेगवेगळे आकडे निघतात आणि एकही बनावट नसतो. हे सगळे एकाखाली एक लिहा, प्रत्येकाशेजारी कशाला कशाने भागलं ते लिहा, आणि ज्यांचा फोन लागलाच नाही त्यांचा रकाना वेगळा ठेवा. फोन न लागलेला मुलगा बेकार आहे असं धरायचं नाही आणि कामावर आहे असंही धरायचं नाही. असा तक्ता पाहिल्यावर ‘जरा वाढवा’ म्हणणाऱ्याला कोणता रकाना वाढवायचा ते सांगावं लागतं, आणि तिथे बहुतेकांचा आवाज खाली येतो.

ॲप्रेंटिसशिपबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा घोळ मी अनेक कार्यक्रमांत पाहिला आहे. 1961 च्या ॲप्रेंटिसेस ॲक्टच्या कलम 18 नुसार ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला स्टायपेंड मिळतो, मुदत संपली की कंपनीने त्याला ठेवून घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. तेव्हा त्याला ‘नोकरी’च्या रकान्यात बसवणं बरोबर नाही. पण त्याला अपयशाच्या रकान्यात ढकलणंही चूक आहे. खेड किंवा शिरूर तालुक्यातल्या ज्या मुलाने कारखान्याचं गेट आतून पाहिलेलं नव्हतं, त्याच्यासाठी मोठ्या प्लांटमधलं ॲप्रेंटिसशिपचं वर्ष फार मोलाचं असतं. त्याचा स्वतंत्र रकाना करा आणि मुदत संपल्यावर त्याचं काय झालं हे जेवढं कळलं तेवढं लिहा. तुमच्या मसुद्यात ही मुलं ‘प्लेसमेंट न झालेली’ अशी आली असतील तर संस्थेची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे, ती मान्य करा.

आता तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य. ‘मुलांचं नुकसान होईल.’ तुमच्या मनाला जे लागलंय ते हेच, फीचा हप्ता नव्हे, हे पत्र वाचताना जाणवत होतं. पण कोणत्या मुलांचं? पहिल्या टप्प्यातली मुलं बाहेर पडली. अहवाल कडक असो की मऊ, त्यांच्या पगारात एका रुपयाचा फरक पडणार नाही. प्रश्न येणाऱ्या मुलामुलींचा आहे. प्लेसमेंट 90 टक्के आहे असं संचालक मंडळाने वाचलं तर दुसऱ्या टप्प्यात ते काय करतील? आहे तोच कार्यक्रम, तीच वेळापत्रकं, तेवढाच निधी. दुसऱ्या पाळीनंतर मुलींना घरी सोडणाऱ्या गाडीसाठी पैसे कोण मंजूर करेल? अहवालाप्रमाणे तर अडचणच नाही. ज्या मुलींनी तुम्हाला विश्वासाने सांगितलं, की रात्री बारा वाजता हायवेवर उतरून पुढे गावापर्यंत यायला काही मिळत नाही म्हणून बाबांनी काम सोडायला लावलं, त्यांचं सांगणं या अहवालाशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलं जाणार नाही.

शिवाय निधी थांबेलच हे कशावरून? हे तुमच्या विद्यार्थ्याने भीतीपोटी म्हटलं आणि तुम्ही ते खरं मानून चालला आहात. प्रशिक्षण पक्कं आहे आणि गळती नेमकी कुठे होते ते कळलंय, असा अहवाल हातात आला तर पैसे देणाऱ्याला पुढे काय करायचं ते समजतं. निर्णय उलटाही जाऊ शकतो, ते नाकारत नाही. पण तो निर्णय घेणं तुमचं काम नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढी व्यवस्था करणं तुमचं काम.

‘पॉझिटिव्ह करा’ या मागणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि फोनवर त्या वेगळ्या करता येत नाहीत. माहितीत खरोखर चूक असेल, तर ती दुरुस्त करणं तुमचं कर्तव्य आहे. भाषा टोचत असेल, तर ती बदलायला काही हरकत नाही. पंचवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाच्या लिहिण्यात नकळत लाल पेनाची धार येते, आणि ‘संस्थेचा सपशेल निष्काळजीपणा’ असं लिहिण्याऐवजी ‘सहा महिन्यांनंतर मुलांशी संपर्क ठेवण्याची व्यवस्था आढळली नाही’ असं लिहिलं तर अर्थ जास्तच स्पष्ट होतो. तिसरी मागणी निष्कर्ष बदलण्याची असेल, तर तिथे नाही म्हणायचं. क्रमाबद्दल मी तर कंपनीच्या बाजूने बोलेन. तुम्ही पत्रात लिहिलंय की सेंटरवर मुलांच्या हातात व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं उपकरण) देऊन एक तुकडा मोजायला सांगितला, आणि बहुतेकांनी न सांगता आधी झिरो एरर, म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक, तपासली. मॅडम, ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तुमच्याइतकं कोणाला कळणार! डिग्रीच्या शेवटच्या वर्षाची मुलंही हे विसरतात. ती मसुद्यात चौदाव्या पानावर कुठेतरी पडली आहे. तिला पहिल्या पानावर आणा. अधिकाऱ्यालाही वर दाखवायला काहीतरी चांगलं मिळेल, आणि ते शंभर टक्के खरं असेल.

मग हा ईमेल पाठवा. वाटल्यास आपल्या शब्दांत लिहा, पण फोनवर उत्तर देऊ नका:

“नमस्कार. अहवाल अधिक सकारात्मक करण्याविषयी आपण फोनवर बोललात. कोणत्या पानावरच्या कोणत्या मजकुराबद्दल आपले म्हणणे आहे ते कृपया लेखी कळवावे. माहितीत चूक असल्यास पुरावा पाहून मी ती दुरुस्त करेन. भाषेविषयीच्या सूचनांचाही विचार करेन. प्रशिक्षणाच्या दर्जाविषयीच्या चांगल्या नोंदी मी सुरुवातीला घेत आहे. क्षेत्रभेटी आणि मुलाखतींतून निघालेले निष्कर्ष मात्र आहेत तसेच राहतील. संस्थेने दहा दिवसांत आपले लेखी म्हणणे दिल्यास ते परिशिष्ट म्हणून शब्दशः जोडेन. आणखी एक बाब आपल्याला सांगणे आवश्यक आहे: संस्थेचे प्रमुख हे माझे माजी विद्यार्थी आहेत. आपल्याला हवे असल्यास माझ्या मुलाखतींच्या नोंदींपैकी काही नोंदी दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्याव्यात, त्यासाठी मी सहकार्य करेन.”

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल तुमच्याशी थोडं परखड बोलायला हवं. तुमच्या पत्रात हा विद्यार्थी जाता जाता, नात्याच्या ओलाव्यापुरता येतो. कंपनीला तुम्ही हे सांगितल्याचा उल्लेख कुठे नाही. काम घेतानाच ते सांगायला हवं होतं. तुम्ही त्याला झुकतं माप दिलं नाहीत हे अहवालावरून दिसतंच आहे, पण उद्या ही ओळख तिसऱ्याच माणसाकडून कळली तर दोन्ही बाजूंनी बोललं जाईल. कोणी म्हणेल, विद्यार्थ्याला सांभाळून घेतलं. कोणी म्हणेल, जुना राग काढला. पुण्यात मेकॅनिकलचं वर्तुळ किती लहान आहे ते तुम्ही जाणता. भोसरीपासून रांजणगावपर्यंत कुठेही जा, कोणीतरी ‘मॅडम, मी तुमच्या बॅचचा’ म्हणत पुढे येणारच. म्हणून ओळख असणं हा दोष नाही. ती कामाआधी कागदावर असली म्हणजे झालं. पुढच्या प्रत्येक प्रस्तावात एक परिच्छेद ठेवा: संबंधित संस्थांमध्ये माझे कोणतेही आर्थिक हितसंबंध नाहीत, अमुक व्यक्ती माझ्या परिचयाच्या आहेत. मग कंपनीला ठरवू द्या.

विद्यार्थ्याशी बोला जरूर, टाळू नका. पण घरी बोलावून किंवा हॉटेलात बसून नको. सेंटरवर जा, कंपनीला कळवून जा. त्याला सांगा की निष्कर्ष बदलणार नाही, पण त्याचं म्हणणं काटछाट न करता जोडलं जाईल. बहुतेक संस्थांना ही संधी मिळते हेच माहीत नसतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं असेलही: कंपन्यांनी कबूल केलेला पगार दिला नाही, कंत्राटदाराने सहा महिन्यांनी ब्रेक दिला, बससाठी त्याने दोनदा पत्र लिहिलं आणि उत्तर आलं नाही. हे त्याने लेखी दिलं तर तुमच्या शिफारशींना बळच मिळेल. रडवेल्या फोनमध्ये तुमच्या कानावर पडलेलं अहवालात येऊ शकत नाही. त्याच्या सहीच्या पत्रातलं येतं.

तुम्ही इतकी वर्षं विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला आणि ओरलला एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जात होतात. तिथे काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चहा-नाश्ता, आग्रहाचं जेवण, आणि मग त्याच कॉलेजातला इंटर्नल परीक्षक हळूच म्हणतो, “मॅडम, आमची मुलं गरिबाघरची आहेत, जरा सांभाळून घ्या.” तेव्हा तुम्ही काय करत होतात? माझा अंदाज आहे की घाबरलेल्या मुलाला पाणी दिलं असेल, सोप्या प्रश्नापासून सुरुवात केली असेल, मराठीत उत्तर दे म्हणाला असाल, आणि मार्क मात्र जे यायचे तेच दिले असतील. या कामातही तेवढंच करायचं आहे. फरक एवढाच की तिथे तुमच्या पाठीशी विद्यापीठाचं नियुक्तीपत्र होतं आणि ठरलेलं मानधन होतं. ते इंटर्नलच्या मर्जीवर अवलंबून नव्हतं. इथे तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘अंतिम अहवालास मान्यता मिळाल्यावर उर्वरित 50 टक्के रक्कम’ असं कलम आहे. खरी अडचण तिथे आहे. ज्याचं मूल्यमापन पटलं नाही तर अर्धी फी अडकते, त्या माणसाला स्वतंत्र म्हणायचं कसं? तुम्ही धीट नाही म्हणून ही वेळ आली, असं तुम्ही पत्रात सुचवलंय. मला ते पटत नाही. ज्या अटींवर सही केलीत त्यांनीच ही वेळ आणली, आणि अटी बदलता येतात.

पुढच्या कामाला, आणि हे असं काम करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, फीचा मोठा भाग अहवालाच्या आधी घ्या: काही सुरुवातीला, काही क्षेत्रभेटी संपल्यावर, आणि शेवटचा लहान हप्ता अहवाल ‘सादर केल्यावर’. मान्यतेवर काहीही टांगून ठेवू नका. मसुद्यावर हरकती लेखी आणि ठरावीक दिवसांत याव्यात, माहितीच्या चुका दुरुस्त होतील पण निष्कर्षांची जबाबदारी मूल्यमापकाची राहील, आणि कंपनीने परस्पर बदल केले तर अहवालावर तुमचं नाव वापरता येणार नाही, या तीन गोष्टी कलम म्हणून घाला. एवढं लिहिल्यावर काम न देणारे काही जण भेटतील. त्यांचं काम तुम्हाला नको होतं.

केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती मोफत होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधी केलेली असावी, तेव्हा आत्ताच्या हप्त्यासाठी तिच्यावर विसंबू नका. या हप्त्यासाठी अहवाल ईमेलने सादर करा, तारीख नोंदवा, सोबत बिल जोडा. सही केलेली पीडीएफ स्वतःकडे ठेवा आणि मुलांची नावं-नंबर काढून, कोड घालून, कच्च्या नोंदीही जपून ठेवा.

मुलाचं म्हणणं मला समजतं. डिझाइन किंवा कोडिंगच्या फ्रीलान्स कामात क्लायंटला हवं ते देणं योग्यच असतं, कारण वापरणारा तोच असतो. तुमच्या कामात पैसे देणारा एक, तपासला जाणारा दुसरा आणि ज्याच्या आयुष्यावर परिणाम होतो तो तिसराच. हे त्याला एकदा शांतपणे समजावून सांगा. यजमानांची काळजी बहुधा तुमच्या झोपेची आहे. त्यांना अटींचं कलम आणि फीचं नियोजन दाखवलंत तर त्यांचा विरोध मावळेल असं वाटतं.

एनबीएचा प्रश्न तुम्ही शेवटी दोन ओळींत विचारलात, पण तो लहान नाही. एनबीए 1994 साली एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) स्थापन केली, 2010 पासून ती स्वायत्त झाली आणि 2014 साली भारत वॉशिंग्टन ॲकॉर्डचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार) कायम सदस्य झाला. ती संस्थेला नव्हे तर एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते. मूल्यमापकाला तिथे हितसंबंध नसल्याचं जाहीर करावं लागतं, भेटीवर गेलेल्या पथकाने निकाल कॉलेजला सांगायचा नसतो आणि अंतिम निर्णय वरच्या समित्या घेतात. तुम्हाला कंपनीच्या कामात ज्या संरक्षणाची उणीव भासली, ते तिथे रचनेतच आहे. म्हणून तिकडे जायची तुमची इच्छा मला मनापासून आवडली.

पण मग दुसऱ्या हाताने कॉलेजचा सेल्फ असेसमेंट रिपोर्ट लिहून देऊ नका. नावातच ‘सेल्फ’ असलेला अहवाल बाहेरच्या माणसाने फी घेऊन लिहायचा, सीओ-पीओ ॲटेनमेंटचे, म्हणजे मुलांनी ठरलेली उद्दिष्टं कितपत गाठली याचे, तक्ते त्यानेच भरायचे, आणि तसल्याच तक्त्यांवर दुसऱ्या गावी जाऊन त्याने मूल्यमापक म्हणून बोट ठेवायचं, हे कोणत्याही नियमात बसवता आलं तरी मनात बसणार नाही. त्या विभागाच्या शिक्षकांना ॲटेनमेंट कसं काढायचं, त्यातून पुढच्या वर्षी शिकवण्यात काय बदलायचं हे शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा घेता येईल. तीही उघडपणे, पावती देऊन, आणि त्या कॉलेजच्या मूल्यमापनापासून कायमचं दूर राहून. लिहू मात्र त्यांचं त्यांनाच द्या. 2025 च्या फेब्रुवारीत कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली, तेव्हापासून कॉलेजांत येणाऱ्या प्रत्येक तपासणीसाकडे लोक संशयाने बघतात. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने आपल्याभोवती धूसर जागा ठेवूच नयेत.

राहिला प्रश्न हे काम एकटीने होण्याजोगं आहे का. यंत्रशाळेत उभं राहून मशिन खरंच चालतंय की पाहुण्यांसाठी सुरू केलंय, जॉब (मशिनवर घडवलेला तुकडा) मुलाने केलाय की सरांनी, हे ओळखणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत. सीएसआरचे बहुतेक अहवाल ज्यांनी आयुष्यात लेथला हात लावला नाही अशांनी लिहिलेले असतात. तुमची ती बाजू भक्कम आहे. नमुना कसा निवडायचा, मुलाखतीत मुलींना मोकळं कसं करायचं, हे तुमचं शिक्षण नाही, आणि ते पत्रात तुम्हीच म्हटलंय. मग त्यासाठी माणूस जोडून घ्या. कर्वे समाज सेवा संस्थेतून शिकून बाहेर पडलेली, क्षेत्रकार्याचा सराव असलेली मुलं-मुली पुण्यात आहेत. एखादीला प्रत्येक कामात सोबत घ्या आणि अहवालावर तिचंही नाव घाला. दोन नावं असली की फोनवरच्या विनंत्याही कमी होतात. अधिक औपचारिक वाट हवी असेल तर सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची सोशल इम्पॅक्ट असेसरसाठीची (सामाजिक परिणाम तपासणाऱ्यांसाठीची) प्रमाणपत्र परीक्षा आहे, तिचा अभ्यासक्रम नुसता वाचलात तरी अहवालाच्या रचनेबद्दल बरंच कळेल.

आणि घरखर्च एकाच कंपनीवर ठेवू नका. पुढच्या वर्षीचे तीनही प्रोजेक्ट एकाच ठिकाणचे असते, तर पुढच्या वर्षी याच फोनला नाही म्हणणं आजच्यापेक्षा अवघड गेलं असतं. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) एखाद्या कॉलेजात आठवड्याचे काही तास घ्या, डिप्लोमाच्या परीक्षांचं काम घ्या, कंपन्यांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र) शिकवा. तुम्ही ज्यांना शिकवलंत त्यांतले कित्येक आज तिथे मॅनेजर आहेत. त्यांच्याकडे शिकवण्याचं काम मागायला संकोच नको, त्यांच्या प्रोजेक्टचं मूल्यमापन तेवढं घेऊ नका.

ईमेल पाठवल्यावर कंपनीने उत्तरच दिलं नाही तर दहा दिवस थांबा, संस्थेचं म्हणणं आलं असेल तर जोडा, नसेल आलं तर ‘मागवलं होतं, मिळालं नाही’ अशी नोंद करा आणि अहवाल सादर करून टाका. शिफारशींमध्ये मुलींच्या गाडीची शिफारस पहिली घ्या. तिच्यासोबत किती मुलींनी हे कारण सांगितलं, त्या कोणत्या गावांच्या, दुसरी पाळी किती वाजता सुटते आणि शेवटची एसटी किती वाजता जाते, हे सगळं लिहा. नुसत्या ‘वाहतुकीची समस्या’ या शब्दांवर कोणतंही मंडळ पैसे मंजूर करत नाही.